भैरीच्या भिंतीचा तडा

जुन्या वास्तूचा फोटो काढायचा म्हणजे सगळ्यात आधी तिच्यापुढची मोटारसायकल हलवायची. कॅमेरा, ऊन, कोन हे सगळं त्यानंतरचं. महाड-पोलादपुरात मी चाळीसेक वर्षं जुनी देवळं, घरं, तळी, समाध्या यांचे फोटो काढत स्कूटरवरून फिरलो आणि जिच्यापुढे कुणी दुचाकी लावलेली नाही अशी एकही ऐतिहासिक जागा मला सापडली नाही. गाडीचा मालक हमखास मुंबईला गेलेला असतो आणि हँडल लॉक असतं. मग चार माणसं बोलवायची, गाडी उचलून बाजूला ठेवायची, फोटो काढायचा. तो झाला की ती चार माणसं म्हणणार, "आता आमचा पन एक काडा." तोही काढायचा. माझ्याकडे इतिहासाचे जितके फोटो आहेत तितकेच गाडी उचलणाऱ्यांचे आहेत.

एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे 'छायाचित्रणातला प्रवास' मागितला होता. तो लिहायचा तर पहिला कॅमेरा कुणी दिला, गुरू कोण, पुरस्कार किती, हे यायला हवं. पहिला कॅमेरा मामाने दिला आणि सहा महिन्यांनी परत मागून घेतला. गुरू नाही. पुरस्कार एक मिळाला, त्यावर नाव दुसऱ्याचं छापलं होतं. म्हणजे प्रवास इथेच संपला. महाडच्या बाजारपेठेत माझा स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो आणि लग्नं यांच्यावर पोट चाललं आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या वास्तूंवर जीव रमला. आता त्या गाळ्यात पुतण्या मोबाईल दुरुस्त करतो. माझा तीनपायी स्टँड त्याने छत्र्या अडकवायला ठेवला आहे आणि तो त्या कामालाही चांगला आहे.

हे काम सोपं आहे असं लोकांना वाटतं, कारण इमारत हलत नाही. नवरी हलते, तिचा मामा हलतो, लहान मुलं तर रडतातच. इमारत बिचारी उभी असते. पण इमारतीला माणसं असतात आणि त्या माणसांना मतं असतात.

शिवथरच्या खोऱ्यात एका शेतकऱ्याचं घर होतं. ओटीला सागाचे खांब आणि दाराच्या चौकटीवर दोन मोर कोरलेले. असे मोर मी तालुक्यात दुसरीकडे पाहिले नाहीत. मी कॅमेरा लावला आणि घरधनी आडवा आला.

"नुसत्या घराचा काडू नका."

"का हो?"

"मानूस नसलेल्या घराचा फोटो दोनच येळेला काडतात. इकायचं असलं तर, नायतर कोर्टात दावायला. आमचं दोन्ही नाय."

मग अख्खं घर दारात उभं राहिलं. मुंबईहून आलेला जावई मधोमध, बरोबर मोरांच्या पुढे, इस्त्रीचा शर्ट घालून. जावयाला जरा बाजूला व्हा म्हणणारा माणूस त्या खोऱ्यात अजून जन्माला आलेला नाही. माझ्या संग्रहात तो फोटो आहे आणि त्यात जावई फार सुंदर आला आहे.

दुसरं एक गाव पोलादपूरकडचं. मी येतोय असं आठ दिवस आधी फोन करून सांगण्याची चूक केली. पोहोचलो तर देऊळ गुलाबी, खांब निळे आणि खांबांवरची वेलबुट्टी सोनेरी. ऑइलपेंट अजून ओला होता. सरपंच आनंदाने म्हणाले, "तुमी येनार म्हनून दोन हात मारून घेतले. जुनं देऊळ फोटोत बरं दिसाय नको?" मी कपाळावर हात मारला, तेव्हा भिंतीला लागून कोपरही गुलाबी झालं. पाहुणे यायचे म्हणून घर झाडून ठेवावं तसं त्यांनी केलं होतं, त्यांचं काय चुकलं? चुकलं माझं. त्यानंतर मी कधी कुठे कळवून गेलो नाही.

कापडे गावाच्या पुढे डोंगरात चढत गेलं की लागणाऱ्या एका वाडीतही मी असाच न कळवता गेलो. वाडीचं नाव सांगत नाही, कारण मी तिथे अजून जातो आणि मला चहा मिळतो. वीस-बावीस उंबरे, त्यातले निम्मे गणपतीला आणि शिमग्यालाच उघडणारे. बाकी सगळे मुंबईत. गावाच्या वरच्या अंगाला भैरीचं, म्हणजे ग्रामदेवाचं, देऊळ होतं. दगडी भिंती, वर कौलं, आत सागाचे आठ खांब. कुठल्या काळातलं ते कुणाला ठाऊक नव्हतं. तिथे चौकशी केली तर एकजण म्हणाला पांडवांचं आहे आणि दुसरा म्हणाला माझ्या आज्याने बांधलं.

देवळाचे गुरव धोंडूबाबा. सत्तरी ओलांडलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, दुसऱ्यात पिकत आलेला. मी फोटो काढतोय म्हटल्यावर त्यांनी आधी मला पाणी दिलं आणि मग माझ्याकडून एक काम मागितलं.

"भाऊ, ह्या देवळाचा कायतरी कागूद करा. मुंबईवाल्यांना हे पाडून स्लॅप टाकायचा हाय. एकदा सरकारी शिक्का बसला का कोन हात लावनार नाय."

आमच्याकडे जीर्णोद्धार म्हणजे जे उभं आहे ते पाडायचं आणि त्या जागी स्लॅब, टाइल्स आणि देणगीदारांची फरशी बसवायची. वाडीच्या मुंबई मंडळाने तो घाट तीन वर्षांपूर्वीच घातला होता. आराखडा तयार होता. मग अडलं कुठे? अडलं होतं देवाकडे.

त्या बाजूला देवाला विचारल्याशिवाय देवळाचा खिळाही काढत नाहीत. विचारायची रीत अशी: गुरव देवाच्या पाषाणाला उजव्या आणि डाव्या अंगाला एकेक ओली कळी चिकटवतो आणि गावातर्फे प्रश्न घालतो. उजवी कळी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. याला कौल लावणं म्हणतात. मंडळाने तीन शिमगे लागोपाठ कौल लावला आणि तिन्ही वेळा डावी कळी पडली. मंडळाचा सेक्रेटरी विलास मुंबईत एका कंपनीत सुपरवायझर होता. कामगारांना तो दमात घेत असे, पण भैरीपुढे त्यालाही हात टेकावे लागले होते.

मला ही गोष्ट फारच आवडली. बिल्डर, सरपंच, आमदार कुणालाही न जुमानणारं मंडळ एका कळीपुढे तीन वर्षं अडलं होतं. मी धोंडूबाबांना म्हणालो, "बाबा, देव तुमच्या बाजूने आहे, कागदाचं मी बघतो."

जुन्या वास्तूंची यादी करणारं एक कार्यालय होतं. त्यांचा छापील अर्ज होता आणि त्यात एक कलम होतं: मोडकळीस आलेल्या भागाचं स्पष्ट छायाचित्र जोडावं. नुकसान दिसलं तर दुरुस्तीला मदत मिळते आणि मदत मिळाली की पाडता येत नाही. झालं, मला काम मिळालं. देवळात मोडकळीस आलेलं काय आहे ते मी शोधू लागलो. अडचण अशी की फारसं काही मोडकळीला आलं नव्हतं. शेवटी दक्षिणेच्या भिंतीवर एक तडा सापडला. वरपासून खालपर्यंत गेलेला, केसाएवढा. मी त्यात स्कूटरची किल्ली घालून पाहिली, तर टोकसुद्धा बुडालं नाही. तडा वरच्या गिलाव्याचा होता. आतला दगड जागचा हलला नव्हता.

"ह्यो माझ्या बापाच्या येळचा हाय," धोंडूबाबा म्हणाले.

आता थोडं धंद्यातलं सांगतो. ऊन समोरून आलं तर भिंत सपाट दिसते, गुळगुळीत, नुकतीच सारवल्यासारखी. तेच ऊन बाजूने, भिंतीला घासत आलं तर प्रत्येक उंचवट्याची सावली पडते आणि गहू मावेल एवढा खळगाही खोल वाटतो. कोरीव काम टिपायचं तर आम्ही अशाच उन्हाची वाट बघतो. देऊळ पूर्वेकडे तोंड करून होतं, त्यामुळे सकाळी साडेसातच्या सुमाराला दक्षिणेच्या भिंतीवरून ऊन घासत जायचं. दुसऱ्या दिवशी मी त्या वेळेला हजर झालो. धोंडूबाबांच्या घरातून स्टीलची परात मागवली आणि त्यांनाच ती धरायला लावून आणखी थोडा उजेड तड्याच्या कडेवर तिरका फेकला. कॅमेरा जमिनीलगत ठेवून वर रोखला. आणि फोटो आला! माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो तो. भिंत दोन भागांत फाटली आहे, मधे काळोखी दरी आहे आणि अख्खं देऊळ आता वाकतंय की मग, असं वाटायचं. तो बघून माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

अर्ज पाठवला. कार्यालयाकडून पोच आली आणि पुढे काही आलं नाही.

फोटोची गोष्ट मात्र पुढे गेली. विलास सेक्रेटरीचा फोन आला. "भाऊ, तुम्ही आमच्या देवळाचं शूटिंग केलं म्हणे. ग्रुपवर टाका ना सगळे. पब्लिक खूश होईल." आता शहाण्या माणसाने यात काय करावं? मी बारा फोटो टाकले. कोरलेले खांब, कौलांवरचं ऊन, घंटेची जुनी साखळी. त्यांना प्रत्येकी चार-पाच अंगठे आले. तड्याच्या फोटोला मात्र ग्रुप नुसता उसळला. रडणारे चेहरे, जोडलेले हात, 'बापरे', 'हे कधी झालं', 'शिमग्याला पोरं तिथेच नाचतात रे'. मी दिवसभर मोबाईल उघडून अंगठे मोजत होतो. माझ्या फोटोला इतकी दाद आयुष्यात कधी मिळाली नव्हती. त्या दादेचं पुढे काय होणार आहे हा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही, आणि हे मी आज लाज बाळगूनच लिहितो आहे.

पुढच्या शिमग्याला मंडळाने मला पालखीचे फोटो काढायला बोलावलं. वाडीत शिरलो तर सहाणेवर, म्हणजे पालखी बसवतात त्या चौथऱ्याशेजारी, माझा तडा उभा होता. आठ फुटी फ्लेक्स. तड्याकडे रोखलेला लाल बाण आणि वर अक्षरं: 'भाविकांनो, जागे व्हा!' खाली कोपऱ्यात छायाचित्रकार म्हणून माझं नाव, तेही चुकीच्या आडनावाने. तो फ्लेक्स चार पोरांनी उचलून देवळात नेला आणि भैरीच्या समोर लावला. मी विलासला विचारलं, "हा इथे कशाला?"

"देवाला दाखवायला," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "भाऊ, विचार करा. देव बसतो आत. भिंतीची बाहेरची साइड त्याला दिसतच नाय. तीन वर्सं नको म्हणतो, कारण त्याच्याकडे इन्फर्मेशनच नाय."

जमलेल्या लोकांना हे पटलं. खरं सांगायचं तर क्षणभर मलाही पटलं.

देऊळ भरलं होतं. धोंडूबाबा कळ्या घेऊन पाषाणापाशी उभे होते. फ्लेक्सच्या अगदी जवळ जाऊन, नाक टेकेल इतक्या जवळून, त्यांनी तो पाहिला. वरून खालपर्यंत पाहिला. मग माझ्याकडे वळले. तेवढ्यात मागून एक म्हातारा ओरडला, "अरे, ह्यो तडा मी जल्मभर बगतोय. येवडा नाय तो! ह्यात कायतरी कॉम्पुटर केला हाय." कुजबुज सुरू झाली. विलासने सगळ्यांसमोर मला विचारलं, "भाऊ, खरं सांगा. फोटोत एडिटिंग हाय काय?"

हीच वेळ होती. ऊन, परात, किल्ली, गिलावा, दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण चाळीस वर्षांच्या फोटोग्राफरला भर देवळात खोटारडा ठरवताहेत, एवढंच मला ऐकू आलं. मी ताठ झालो. म्हणालो, "मी एडिटिंग करत नाही. भिंतीवर जे आहे तेच कॅमेऱ्यात आलंय."

शब्द न् शब्द खरा होता. धोंडूबाबांनी मान खाली घातली, कळ्या पाण्यात बुडवल्या, पाषाणाला लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. सगळे श्वास रोखून बघत होते. उजवी कळी पडली. देवळात एकच आरोळी उठली, ढोल वाजले आणि विलासने मला मिठी मारली.

मे महिन्यात देऊळ पाडलं. पाडायला एक दिवस धरला होता, चार लागले. पूर्वेची आणि उत्तरेची भिंत सुटली, पण दक्षिणेची, माझ्या फोटोतली, काही केल्या हलेना. पहारी वाकल्या. शेवटी खालून दगड फोडायचा ब्रेकर आणला. मी तेव्हा महाडातच होतो, जाण्याचं धाडस झालं नाही. मला हे विलासने फोनवर सांगितलं आणि वर म्हणाला, "जुन्या लोकांचं काम पण सॉलिड होतं हा भाऊ." खांब घाटातल्या एका हॉटेलवाल्याने नेले. तिथे आता त्यांना रंगीत दिव्यांच्या माळा गुंडाळल्या आहेत आणि त्यांच्याखाली लोक व्हेज क्रिस्पी खातात. पावसाळ्यात त्या कार्यालयाचं पत्र आलं. प्रस्ताव विचाराधीन आहे, तरी वास्तू सध्या उभी असल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला जोडावा. ते पत्र मी जपून ठेवलं आहे. मला हसायचं असलं की काढून वाचतो.

नवं देऊळ दीड वर्षात झालं. पांढऱ्या टाइल्स, स्टीलचा कठडा, कळसावर लुकलुकणारा दिवा. स्मरणिकेसाठी फोटो काढायला मलाच बोलावलं. समोरून ऊन, सपाट भिंत, कुठे सावली नाही की कुठे खळगा नाही. दहा मिनिटांत काम आटोपलं. पुढे मोटारसायकल होती, तीही मी हलवली नाही.

धोंडूबाबा पायरीवर बसले होते. आता दुसराही डोळा गेल्यात जमा होता. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं आणि शेजारी बसवलं. पोरंबाळं, पाऊसपाणी यांचं बोलणं झालं. मग आजूबाजूला कुणी नाही ना, असं त्यांनी मला विचारलं. कुणी नव्हतं.

"भाऊ, तुमाला एक सांगतो. कुनाला बोलू नका. ते तीन वर्सं देव नाय बोलला, तो मीच बोललो."

मला कळेना.

"उजवे कळीला पानी जास्ती लावायचो, ती चिकटून ऱ्हायची, डावेला नुसतं दाखवायला. डावी पडनारच. माझ्या बापाचं, आज्याचं समदं त्या खांबांपाशी झालं. मी म्हटलं, देव माझ्यावर रागवंल, पन देऊळ ऱ्हाईल. रागवू दे."

आम्ही ज्याला देवाचा कौल म्हणत होतो तो हा एकटा माणूस होता. तीन शिमगे, गावाविरुद्ध, मंडळाविरुद्ध आणि स्वतःच्या देवाची भीती पोटात घेऊन.

"मंग चौथ्या साली काय झालं?" मी विचारलं. इतक्या वर्षांच्या फिरण्याने माझ्या तोंडी त्यांचीच बोली आली.

"तुमचा फोटो बगितला. मला वाटलं, माझे डोळे गेलेत. तडा कवाच वाढलाय नि मलाच दिसत नाय. पोरं खाली नाचतात. उद्या अंगावर आलं तर ते पाप कुनाचं? तुमी पन बोललात, भिंतीवर हाय तेच आलंय. मंग मी पानी सारकं लावलं. दोन्हीकडं सारकं. जल्मात पहिल्यांदा देवाला खरं इचारलं."

खालून कुणाचा तरी रेडिओ ऐकू येत होता. धोंडूबाबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पन भाऊ, ती भिंत चार दिस पडंना. ब्रेकर लावला तवा गेली. तवापासून मला झोप नाय. तुमी डोळ्यानं बगितलाय तो तडा, म्हनून इचारतो. येवडा होता ना तो? पडलं असतं ना देऊळ?"

माझ्या खिशात स्कूटरची किल्ली होती. तिचं टोक त्या तड्यात बुडालं नव्हतं, हे सांगायला फक्त मीच उरलो होतो. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, त्यांना दिसतच नव्हतं, नुसता कान माझ्याकडे लावून बसले होते.

"होता, बाबा," मी म्हणालो. "पडलंच असतं."

त्यांनी लांब श्वास सोडला आणि गुडघ्यावरचा हात काढून घेतला.

"मंग बरं केलं मी," ते म्हणाले.